परसातल्या सळ्या

वूलस्टन, क्राइस्टचर्च
१९ सप्टेंबर २०१०

चि. मर्व्ह यास नोएलीनचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि कोळशाची दोन पोती पोचली. पोती आधी, पत्र नंतर. पोस्टापेक्षा तुझा तो ट्रकवाला बरा. फोन करणार होते, पण मी इकडून बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि तुला काहीच ऐकू न आल्यामुळे तू तिकडून पावसाचं सांगायचं, हा खेळ आता माझ्याच्यानं होत नाही. आपलं रविवारचं पत्रच बरं.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. त्या शनिवारी पहाटे घर गदागदा हललं तेव्हा मी भिंतीला धरधरून लॉरीच्या खाटेपर्यंत पोचले. अर्धांगाच्या झटक्यापासून त्याची उजवी बाजू गेलेली, पळणार कुठे? शेकोटीच्या भिंतीला लागून त्याची खाट आहे, समोर खिडकी. तो शांतपणे म्हणाला की तू या वेळी कपाटं कशाला सरकवते आहेस.

आता तुझी कॉलर ताठ होईल अशी बातमी. आमच्या गल्लीत बावीस घरं. एकवीस घरांची धुराडी कोसळली. कुणाचं छपरातून न्हाणीघरात, कुणाचं शेजाऱ्याच्या मोटारीवर. उभं राहिलं ते एकच, तुझं! लोक पाहायला येतात. मी प्रत्येकाला सांगते की माझ्या धाकट्या भावानं एकोणिसाव्या वर्षी एकट्यानं बांधलंय. कुंपणापलीकडच्या हॅलम बाई तर त्याचा फोटो काढून घेऊन गेल्या. फक्त छपराच्या जरा वर ते अंगठाभर फिरलंय, मागून कुणी हाक मारल्यासारखं. आणि विटांमधल्या दर्जांमधून एक नागमोडी भेग खाली उतरलीय.

ती बुजवावी म्हटलं, तर विम्याच्या कचेरीचा हुकूम आहे की तपासनीस पाहून जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पहिला आला ब्रिस्बेनहून. तीन तास घरातल्या भेगा मोजल्या, त्यात एक भेग चौऱ्याऐंशी सालापासूनची होती. छपरावर चढायची वेळ आली तेव्हा म्हणाला की एवढ्या उंच शिडीवर चढायची त्याला परवानगी नाही. दुसऱ्यानं पहिल्याचा अहवाल माझ्याकडेच मागितला. तिसऱ्याच्या हातात आमच्याच पॅस्को आडनावाच्या भलत्याच माणसाची फाईल होती, आणि आमचं घर दुमजली आहे असं तो मलाच पटवून देत होता. पहिल्याला मी लोणी-जॅम लावून गरम स्कोन दिले, दुसऱ्याला कालचे दिले, तिसऱ्याला नुसता चहा. चौथ्याचं काय होईल ते तूच ओळख.

परसात जमिनीतून राखाडी गाळ वर आलाय. तू रोवलेल्या त्या सहा सळ्या मात्र आहेत तशा आहेत. ऑक्टोबरअखेर लेबर डेला दरवर्षीसारखा त्यांच्यावरच वालाचा वेल चढवीन म्हणते.

गुडघ्याला जप. लोभ तुझ्या धुराड्यासारखा उभा राहू दे.

तुझी ताई,
नोएलीन


रीफ्टन
२६ सप्टेंबर २०१०

ती. नोएलीनताईस मर्व्हचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही दोघं सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला आणि ते अंगठाभराचं वाचून पुन्हा वर आला.

ताई, ते धुराडं उतरवून घे. निदान छपरापर्यंत तरी. अडुसष्ट सालच्या भूकंपानंतर मी इकडे तीन महिने दुसरं काही केलं नाही, लोकांची धुराडीच उतरवली. जी पहिल्या हादऱ्यात पडली ती पडली. जी जागच्या जागी फिरून उभी राहिली, ती नंतरच्या हादऱ्यात पडली, आणि तेव्हा लोक घरात होते. तपासनिसांची वाट पाहू नकोस. शेजारचा इओआने चांगला दांडगा आहे, त्याला सांग. आणि भावोजींची खाट आजच्या आज मागच्या खोलीत हलव. आज म्हणजे आज.

आणखी एक, गल्लीत माझं कौतुक करत फिरू नकोस. एखादं धुराडं उभं राहतं, एखादं पडतं, त्यात गवंड्याचं काही नसतं.

इकडे पाऊस. कोंबड्या अंडी देईनात. गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात आहे, तोपर्यंत शिडी चढायची मनाई, नाहीतर मीच थापी घेऊन आलो असतो. भावोजींना नमस्कार सांग. लोभ आहे, तो असाच राहावा ही मनापासून विनंती.

तुझा,
मर्व्ह


वूलस्टन
१० ऑक्टोबर २०१०

चि. मर्व्ह यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकून लॉरीची खाट मागे हलवली. इओआने आणि त्याच्या भावानं उचलून नेली. ती खोली म्हणजे विहीर आहे. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतं. दोन रात्रीत लॉरीला असा खोकला लागला की डॉक्टरांना बोलवावं लागलं. त्यात तिथून रस्ता दिसत नाही. त्याच्या वाट्याला आता उरलंय काय, तर शेकोटीची ऊब आणि ती खिडकी. कोण कुठल्या मोटारीतून आलं-गेलं ते तो मला सांगतो, तेवढीच त्याची करमणूक. तिसऱ्या दिवशी खाट पुन्हा होती तिथे आणली. आता तू रागाव नाहीतर काही कर.

चौथी तपासनीस आली, ती इंजिनिअर बाई. दारात बूट काढून आत आली, शिडीवर चढली, धुराड्यावर टकटक करून पाहिलं. मी सगळा राग गिळून तिला स्कोन दिले. तिनं एकसष्ट सालचा नगरपालिकेचा परवानाच काढून आणला होता. त्यात स्पष्ट लिहिलंय की पायापासून माथ्यापर्यंत सहा लोखंडी सळ्या. मग म्हणाली की आत लोखंड आहे त्यामुळे हे पडायचं नाही, फिरल्या आहेत त्या नुसत्या वरच्या विटा, दर्जा भरल्या की झालं. कागदावर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारला.

मला वाटलं सुटले. कसली सुटतेय! सुरक्षित आहे म्हणून आमचा नंबर यादीत थेट तळाला. दर्जा भरायला माणूस पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी येईल म्हणे. मी विचारलं की मग आमचं आम्ही उतरवलं तर? तर म्हणाली की सुरक्षित धुराडं स्वतःहून पाडलंत तर त्याच्या बदल्यात ऊब देणारं दुसरं काहीही मिळणार नाही. म्हणजे ठेवलं तर तू ओरडणार, पाडलं तर जूनमध्ये लॉरी गारठणार. पडलेल्या धुराड्यांच्या एकवीस घरांत हीट पंप बसायला सुरुवात झालीय. आमचं उभं राहिलं हाच आमचा गुन्हा! रोज त्या कचेरीला फोन करते, रोज तेच संगीत ऐकते, आणि वीस मिनिटांनी कुणीतरी मला माझंच नाव विचारतं.

आणि आता तुझं. लॉरी म्हणतो की मर्व्हचं काहीतरी बिनसलंय. दर ख्रिसमसला जेवण झालं की हातात बिअर घेऊन आम्हाला भर उन्हात रस्त्यावर उभं करणारा तू. गल्लीत सगळ्यात सरळ धुराडं कुणाचं ते सांगा, म्हणून पोरांना छळणारा तू. आणि आज, अख्ख्या शहराची धुराडी पडली असताना तुझं उभं आहे, तर म्हणतोस की गवंड्याचं त्यात काही नसतं! इतक्या वर्षांत तू नम्र झाल्याचं मला आठवत नाही. कुणाला ताकास तूर लागू देत नाहीस. काय आहे ते सरळ लिही.

लोभ आहे, पण तुझ्या पत्रातल्या त्या गोलगोल वाक्यांवर नाही.

तुझी,
नोएलीन


रीफ्टन
१३ ऑक्टोबर २०१०

ती. ताईस सा. न. वि. वि.

रविवारची वाट पाहिली नाही. हे पत्र वाचायच्या आधी भावोजींची खाट हलव. खोकला परवडला.

त्या धुराड्यात सळ्या नाहीत.

एकही नाही. मी घातल्या नाहीत. तुला आठवत असेल, तुझं लग्न जूनच्या दहा तारखेला होतं. लॉरी भावोजींच्या आईंनी सांगितलं होतं की घरात शेकोटी पेटत नसेल तर तुम्ही दोघं वसंत ऋतूपर्यंत माझ्याकडेच राहा. तू बुधवारी बांधकामावर आलीस, वाळूच्या ढिगावर बसून रडलीस, आणि मला म्हणालीस की शनिवारी त्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर या जन्मात तुझं तोंड पाहणार नाही. सळ्या मालगाडीत अडकल्या होत्या. आज येतील, उद्या येतील. मी गुरुवारी त्यांच्याशिवायच बांधायला घेतलं. मनात होतं, लग्नानंतर वरून थोडं उकलून घालीन. नगरपालिकेचा माणूस आला तो फाटकातूनच वर बघून गेला. परवान्यात होतं तेच त्यानं लिहिलं. मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

शनिवारी धूर निघाला. तू चर्चमधून येताना गाडीतून बघून हात हलवलास. त्यानंतर कसलं उकलणं!

सळ्या पुढच्या आठवड्यात आल्या. तू विचारलंस या कशाला, मी म्हणालो वालाच्या वेलाला. आणि परसात रोवून टाकल्या. तुझ्या परसात आहेत त्या त्याच सहा.

अडुसष्ट साली इकडच्या ढिगाऱ्यात उभा होतो तेव्हा सांगायला हवं होतं. त्या वर्षी ख्रिसमसला ठरवूनच आलो होतो. तू सगळ्यांसमोर माझ्या कामाची तारीफ केलीस आणि माझी जीभ रेटली नाही. मग दरवर्षी मीच जास्त मोठ्यानं बढाई मारत गेलो. तू मला नम्र म्हणालीस, ते वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते आजवर उभं राहिलं ते नशिबानं. आत लोखंड असतं तर ते फिरलंच नसतं. ताई, ते उतरव. माझ्यावर राग काढ, पण आधी ते उतरव.

लोभ मागायचं तोंड नाही.

मर्व्ह


वूलस्टन
१७ ऑक्टोबर २०१०

मर्व्ह,

आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही. रविवार आहे म्हणून लिहितेय.

एकोणपन्नास हिवाळे. त्या भिंतीला टेकून मी दोन मुलांना पाजलं. त्याच भिंतीखाली माझा नवरा दोन वर्षं पाठीवर पडून आहे. आणि तू दर हिवाळ्यात तिथे जाळायला कोळसा पाठवत होतास.

मी रडले असेन वाळूवर. एकवीस वर्षांची होते, सासूच्या घरी राहायचं नव्हतं. लोखंड घालू नकोस असं मी म्हणाले होते का? सोमवारी येऊन सांगितलं असतंस तर मी स्वतः विटा उतरवायला बसले असते.

कचेरीला फोन केला. सांगितलं की आत सळ्या नाहीत, बांधणाऱ्यानंच लिहून दिलंय. ती मुलगी म्हणाली की आमच्या कागदात सळ्या आहेत. मी म्हणाले की कागदात आहेत, धुराड्यात नाहीत. ती म्हणाली की तसं सिद्ध करावं लागेल. सिद्ध कसं करायचं, तर धुराडं फोडून. फोडायला परवानगी हवी. परवानगी मिळत नाही, कारण धुराडं सुरक्षित आहे. कारण आत सळ्या आहेत! सळ्या कुठे आहेत ते मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. मी फोन ठेवला आणि तशीच, ॲप्रनवर, इओआनेच्या दारात गेले.

लेबर डेच्या सुट्टीतल्या शनिवारी त्याच्या चर्चमधली आठ माणसं येताहेत. आम्हीच उतरवतो. बदल्यात काही मिळालं नाही तर नाही. हॅलम बाई सँडविच आणणार आहेत. त्यांनी विचारलं की भाऊ येणार असेल ना. मी सांगितलं की त्याचा गुडघा दुखतो.

लॉरीची खाट तोवर स्वयंपाकघरात टेबलाच्या जागी आहे. त्याला पत्र वाचून दाखवलं. मी तुझ्याशी बोलणार आहे, पण कधी ते मला माहीत नाही. तोवर लिहू नकोस.

नोएलीन


रीफ्टन
३१ ऑक्टोबर २०१०

ती. ताईस सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो, कारण यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

शनिवारी मी तिथे होतो. पहाटे निघालो, घाट ओलांडून दहाच्या सुमारास तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि मोटार उभी केली. इओआने वर होता. छिन्नी-हातोडा त्यानं बाजूला ठेवून दिला होता. विटा नुसत्या हातानं सुटत होत्या, चुन्याची भुकटी वाऱ्यावर उडत होती. खाली माणसांची रांग, आणि शेवटी तू, लॉरी भावोजींची जुनी टोपी घालून विटा रचत होतीस. सत्तराव्या वर्षी.

उतरून तुझ्याकडे येणार होतो. दाराची मूठ हातात धरून तासभर बसलो. मग सगळे जेवायला बसले आणि मी मोटार वळवली.

भावोजींना नमस्कार. लोभाचं तू ठरवशील तसं.

मर्व्ह


रीफ्टन
२ जानेवारी २०११

ती. ताईस सा. न. वि. वि.

ख्रिसमसला तुझं पत्र नाही. दुसऱ्या दिवशीच्या हादऱ्याची बातमी ऐकली, तुम्ही बरे असाल असं धरून चाललोय. गुडघा नवा बसवलाय, काठीनं चालतो. सवयीनं तुमच्या हिवाळ्यासाठी दोन पोती कोळसा भरून ठेवला. आता तो पाठवून उपयोग नाही, हे पोत्यांची तोंडं शिवल्यावर लक्षात आलं.

एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

मर्व्ह


वूलस्टन
२७ फेब्रुवारी २०११

चि. मर्व्ह यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही जिवंत आहोत, हे आधी. इओआनेचा चुलतभाऊ गाडी घेऊन तुमच्याकडे येतोय, त्याच्या हाती हे देतेय. शहराचं काय झालं ते तू बातम्यांत पाहिलंच असशील, मला लिहवत नाही.

मंगळवारी दुपारी, एकाला काही मिनिटं कमी होती. लॉरी सूप पीत होता. कुठे, तर पुढच्या खोलीत, जुन्याच जागी. धुराडं उतरवल्यावर त्याची खाट मी पुन्हा तिथेच नेली होती, त्याच्या खिडकीपाशी. मी स्वयंपाकघरात होते. जमीन खालून उसळली, सप्टेंबरचं काहीच नव्हतं त्यापुढे. मी पडले, रांगत गेले. दारातून पाहिलं तर वर जिथे धुराडं होतं तिथे इओआनेनं ठोकलेला पत्रा उघडला होता आणि आभाळ दिसत होतं. खाटेवर प्लास्टरचा भुगा होता. वीट एकही नव्हती, मर्व्ह. वरून पडायला काही उरलंच नव्हतं. लॉरी आख्खा पांढरा झाला होता आणि सूप घाण झालं म्हणून कुरकुरत होता. मी त्याच्या पायाशी बसून मोठ्यानं रडले.

उतरवलेल्या विटा मी मागच्या कुंपणाला लावून कमरेइतक्या रचल्या होत्या. तो अख्खा ढीग कुंपण फोडून हॅलम बाईंच्या अंगणात जाऊन पडलाय. बाई तेव्हा बाजारात होत्या. मी तो ढीग दोन दिवस बघत होते. तो वर असता तर, असं मनात येतं आणि मी दुसरीकडे बघते.

तू मला एकोणपन्नास वर्षं फसवलंस. ते मी विसरणार नाही, आणि तूही तशी आशा करू नकोस. पण ते पत्र तू लिहिलं नसतंस तर मला कधीच काही कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. ‘सुरक्षित’ असा शिक्का होताच. हेही मी विसरणार नाही.

आणि लेबर डेच्या शनिवारी तू कोपऱ्यावर होतास हे लॉरीला त्याच दिवशी माहीत होतं. ती माणसं राबायला लागल्यावर त्यानं हट्टानं खाट पुढच्या पडवीत आणवली होती. तुझी ती निळी मोटार त्यानं ओळखली. मला सांगितलं ख्रिसमसला. म्हणाला की बिचारा तासभर बसला होता, त्याला सँडविच तरी पाठवायला हवं होतं. त्यानंतर मी तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली.

घर राहण्याजोगं नाही म्हणतात. पाणी नाही, परसात खड्डा खणून विधी करतोय, सत्तरीत. पाचवा तपासनीस येणार आहे. येऊ दे, दार उघडंच आहे, मिटतच नाही. आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय, काही महिने तरी. तुझ्या घरातल्या धुराड्यात सळ्या आहेत का, ते खरं काय ते लिही. पोस्टकार्ड चालेल.

परसात गुडघाभर गाळ आहे. कुंपण गेलं, लॉरीची शेड आडवी झाली, कपडे वाळत घालायचा खांबसुद्धा वाकलाय. त्या गाळात उभ्या आहेत त्या तुझ्या सहा सळ्या. मी रागानं यंदा वेल लावणारच नव्हते, पण नोव्हेंबरात लावला. शेंगा लटकल्यात. इओआनेला म्हटलं की सळ्या उपटून दे, माझ्या भावाकडे न्यायच्यात. त्यानं आणि त्याच्या भावानं जोर लावला, हलल्या नाहीत. जमिनीत हातभर सिमेंट ओतून बसवल्यात म्हणाला. वालाच्या वेलासाठी कुणी असं करतं का, असं मला विचारत होता.

मी शेंगा खुडून याच माणसाबरोबर पाठवतेय. शिरा काढून उकड, जास्त नको, तुझा नेहमी लगदा होतो. सळ्या राहू दे तिथेच.

लोभ होता, मध्ये पडला होता, आता पुन्हा रचायला घेतलाय. या खेपेला घाई करायची नाही.

तुझी ताई,
नोएलीन